म्हणे तिच्या अंगाला ओळख नाही

आमच्या माहेरी नव्या सुनेनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं असतं. ताट धुवायचं नाही, त्यातच आपलं वाढून घ्यायचं, आणि हे पहिलं मूल होईपर्यंत चालू ठेवायचं. का, असं विचारलं तर आई सांगते, "घराची वळख अंगात जाते." आईने हे केलं, तिच्या जावांनी केलं. मी लग्न होऊन आदिलाबादला आले. माझ्या सासरी ही रीत नव्हती, म्हणून मी सुटले. उष्टं न खाता मला दोन मुलं झाली, हा पुरावा आईने कधी विचारात घेतला नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोकडूनही ही रीत पाळली गेली नाही. ती गावाजवळच्या वांकिडीतल्या एका खाजगी शाळेत शिकवते. सकाळी शाळेची गाडी येते तेव्हा भाऊ अजून तोंडात ब्रश धरून अंगणात फिरत असतो. ती तिच्या ताटात जेवून, डबा भरून निघून जाते. भावाचं कृषी केंद्र आहे, कपाशीवरची औषधं आणि बियाणं विकतो. रात्री तो दुकान बंद करून येईपर्यंत तिला भूक धरवत नाही. आईने सुरुवातीला टोमणे मारले आणि मग गप्प बसली. तिने विषय सोडला, असा आमचा समज झाला. आईने आजवर कुठलाही विषय सोडलेला नाही, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी भावजयीला दिवस गेले आणि तिसरा महिना लागायच्या आत पोट पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या वेळी मी भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर बसून मुलांचे पेपर तपासत होती. मी म्हटलं, "ठेव की बाजूला." ती म्हणाली, "ताई, हे ठेवले तर लोकांचं बोलनं ऐकू येते."

लोक म्हणजे मुख्यतः आमचा मामा. आईचा हा थोरला भाऊ कुणाच्याही घरी वाईट काही घडलं की पहिल्या गाडीने हजर होतो आणि ओसरीवर बसून निकाल देतो. त्या दिवशीही दिला. भावजय आत होती, दार उघडं होतं, आणि मामाचा आवाज शेतात बैल हाकताना लागतो तेवढा होता.

"एक बारी अजून पाहू. तिसऱ्या बारीलेबी नाई टिकलं तं पोरीले तिच्या मायच्या घरी पोचवू. पोराचं वय जाऊन राह्यलं. माह्या पाहण्यात एक पोरगी हाये, पलीकडची."

पलीकडची म्हणजे महाराष्ट्रातली; आम्ही तेलंगणातले. आमच्याकडे सोयरिकी, कापूस आणि मामाचे सल्ले सगळे सीमा ओलांडून येतात.

आई 'हो' म्हणाली नाही. 'नाही'ही म्हणाली नाही. भाऊ तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "मामा, ती आत ऐकून राह्यली." मामा म्हणाला, "ऐकू दे. तिच्याच भल्याचं हाये." एखाद्या बाईला हाकलण्याच्या योजनेत तिचंच भलं शोधायला फार मोठी दृष्टी लागत असावी, मला ती नाही.

मी आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला राहते आणि ज्युनियर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. घरात जीवशास्त्राची मास्तरीण असली म्हणजे घरच्यांना फायदा होत असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. घरचे मला काही विचारतच नाहीत. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. त्यापेक्षा त्यांना मोबाइलवर आलेले संदेश बरे वाटतात. भावाने अशाच एका संदेशावरून प्रतिकारशक्ती वाढवण्याचं चूर्ण मागवलं. करोनानंतर आमच्याकडे ज्याला त्याला प्रतिकारशक्ती वाढवायचा नाद लागलाय, जणू ती पाण्याची टाकी आहे आणि काठोकाठ भरली की काम झालं. भाऊ रोज सकाळी बायकोला ते चूर्ण कोमट पाण्यातून द्यायचा. दुकानात कपाशीला पांढरी मुळी फुटावी म्हणून तो जी पावडर विकतो, तिच्यावर त्याचा जेवढा विश्वास आहे तेवढाच या चूर्णावर होता.

गंमत बघा. एकीकडे प्रतिकारशक्ती वाढवायचं चूर्ण, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून ते दोघं पलीकडच्या मोठ्या शहरातल्या ज्या डॉक्टरकडे गेले, त्याने सांगितलं की हिची प्रतिकारशक्ती फारच जास्त आहे, त्या शक्तीनेच पोट पाडलं. चूर्णाबद्दल दोघांनी डॉक्टरला काही सांगितलं नाही, आणि डॉक्टरने विचारलंही नाही.

मला हे सगळं दसऱ्याच्या सुट्टीत माहेरी गेल्यावर कळलं. भावजयीने डॉक्टरची नक्कल करून सांगितलं. ती शाळेत मुलांची नाटकं बसवते, नक्कल तिला चांगली जमते.

"म्हणे, मॅडम, तुमचं शरीर मिस्टरांच्या पेशींना ओळखत नाही. शत्रू समजते. हमला करते." तिने हाताने तलवार फिरवली. "मिस्टर बाजूले बसून मोबाइल पाहून राह्यले होते, ताई. मी म्हटलं, शत्रूले हमल्याचं काई वाटूनच नाई राह्यलं."

डॉक्टरचा इलाज असा होता: नवऱ्याचं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि बायकोच्या हाताच्या कातडीखाली टोचायच्या. पुन्हा पुन्हा टोचायच्या, म्हणजे तिच्या शरीराला नवऱ्याची ओळख पटेल आणि पुढचं मूल ते सांभाळेल. दिवाळीनंतरची तारीखही ठरली होती.

यावर आईचा चेहरा पाहण्यासारखा होता. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. पीठ लागलेलं बोट तिने माझ्याकडे रोखलं.

"पाह्य! मी काय सांगत होती? वळख नाई तिच्या अंगाले! आता एवढा शिकलेला डॉक्टर तेच सांगून राह्यला. ताटात जेवली असती तं सुया टोचायची पाळी आली असती काय?"

एका अर्थी आई बरोबर बोलत होती. डॉक्टरचं म्हणणं आणि तिचं म्हणणं एकच होतं; फरक एवढाच की तिचं ताट फुकट होतं. दोघांच्याही मते बाईचं अंग म्हणजे दाराशी बांधलेलं कुत्रं. घरधन्याचा वास ओळखीचा झाला नाही तर ते चावणार.

त्याच संध्याकाळी उष्ट्या ताटाचा विषय पुन्हा निघाला. भाऊ जेवून उठला आणि आईने ते ताट भावजयीपुढे सरकवलं. कडेला वांग्याचं देठ आणि चोखलेली आंब्याची कोय, लोणच्यातली. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी ते ताट उचललं आणि मोरीत ठेवलं.

"काऊन वो?" आई म्हणाली.

"मी सांगतो ते आदी ऐक," मी म्हटलं. "मंग जे करायचं ते कर."

आता हे मी अकरावी-बारावीच्या पोरांना सांगते तसंच आईला सांगितलं, फक्त भाषा घरची ठेवली. शरीरात परकं काही शिरलं की पांढऱ्या पेशी त्यावर तुटून पडतात. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर माणसाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, नाही तर शरीर ते नासवून टाकतं. पोटातला गर्भ तर अर्धा बापाचा, म्हणजे अर्धा परका. मग आईचं अंग त्याला का राहू देतं?

प्रश्न चांगला आहे. जुन्या शास्त्रज्ञांनी त्याची जी उत्तरं सुचवली, ती मात्र मला वर्गात सांगताना दरवेळी हसू आणतात. कुणाला वाटलं की वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती गादी, ही भिंत आहे, तिच्यापलीकडचं आईच्या शरीराला दिसत नाही. कुणाला वाटलं, गर्भ इतका कच्चा असतो की त्याच्या अंगावर ओळखीची खूणच नसते. आणि कुणाला वाटलं की त्या काळात आईची सगळी राखण झोपून जाते. आंधळी तरी असेल, फसलेली तरी असेल, नाही तर झोपलेली असेल. ती जागी आहे, बघते आहे आणि काम करते आहे, हे सुचायला बराच वेळ लागला. कुणाकुणाला अजून सुचायचंय.

वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, तिच्या रक्ताला भिडतात. लपूनछपून काही चालत नाही. फक्त त्या पेशी बापाच्या नेहमीच्या ठळक खुणा अंगावर दाखवत नाहीत. त्यांच्याकडे एक वेगळी खूण असते, आणि ती पाहिली की मारायला आलेली पेशी हात आवरते. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या अस्तरात मारक पेशी दाटीने जमतात. नावाने मारक. पण तिथे त्यांचं काम मारायचं नसतंच. आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला त्या मदत करतात, म्हणजे गर्भाला रक्त पुरेल. आणखी काही पेशी निव्वळ बाकीच्यांना आवरायला असतात. हे सगळं त्या एका जागेपुरतं, बेताने. तेवढ्याच दिवसांत त्याच बाईला पायाला काटा लागला तर तिथे तिच्या पांढऱ्या पेशी नेहमीसारख्या धावून जातात. त्यामुळे वाढवा म्हणणारा चूर्णवाला आणि जास्त झाली म्हणणारा डॉक्टर, दोघांनाही त्या घराच्या आत काय चाललंय याचा पत्ता नाही.

आईने भाकरी उलटली. "मंग काऊन पडलं दोन बारी?"

"ते पाहाच लागन. पण वळख नाई म्हनून नाई. तू ती सिरियल पाहते ना, ज्यात एक बाई दुसऱ्याचं लेकरू पोटात वाढवते?"

"हव. भाड्याने."

"तिच्या पोटातलं लेकरू ना तिचं, ना तिच्या नवऱ्याचं. आख्खं परकं. तरी ते नऊ महिने टिकते. असं खरोखर होते, सिरियलमदेच नाई. आता सांग, त्या बाईने कोनाच्या उष्ट्या ताटात खाल्लं?"

आईने दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्या सिरियलमदली बाई चांगली नाई." एवढ्यावर चर्चा संपली. मोरीतलं ताट मात्र तिने पुन्हा काढलं नाही.

भाऊ ऐकत होता. त्याला मी सांगितलं की ही टोचणी कित्येक ठिकाणी थांबवलेली आहे, कारण तिचा उपयोग दिसून आला नाही, आणि दुसऱ्याच्या पेशी अंगात टोचून घेण्यात धोका असतो तो वेगळाच. लवकर पडणारी बहुतेक पोटं गर्भाच्या गुणसूत्रांत गडबड असते म्हणून पडतात. काही बायकांच्या रक्तात खरोखर असे घटक असतात की गुठळ्या होतात, त्यावर साधा इलाज आहे. थायरॉईड असतो. हे सगळं तपासता येतं. हैदराबादला माझ्या एका सहकारी बाईंनी ज्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं होतं, त्यांच्याकडे जाऊ. दोघांचंही रक्त तपासतील.

"दोघांचं?" भाऊ म्हणाला. "माह्यं कायले? मले काय झालं?"

"टोचायले रक्त देत होता ना?"

"ते औषद म्हनून, ताई."

भावजय पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला हसू आवरलं नाही. आमच्या घरातला पुरुष आपल्या रक्ताकडे औषध म्हणून बघायला तयार असतो, नमुना म्हणून नाही. हे त्याने इतक्या सरळ मनाने सांगितलं की मला रागही धड आला नाही.

त्याला तयार करायला दिवाळी उलटली, आणि टोचणीची ठरलेली तारीखही तशीच गेली. मामाने फोनवर सांगितलं की पुरुषाची तपासणी म्हणजे घराची बदनामी. दुकानातल्या गिऱ्हाइकांना कळलं तर काय, ही भावाला काळजी. कपाशीवरच्या बोंडअळीचं औषध घ्यायला आलेला शेतकरी दुकानदाराची गुणसूत्रं विचारतो, हे मी अजून ऐकलेलं नाही. शेवटी भावजयीनेच तोडगा काढला. ती त्याला म्हणाली, "तुमी नाई आले तं मी ताईसंगं एकटी जातो. अन् डॉक्टरने नवरा काऊन नाई आला विचारलं तं भेला म्हनून सांगतो." तो आला.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई तेलुगू-हिंदीत बोलत होत्या, फार कमी बोलत होत्या, आणि शत्रू, हमला असले शब्द त्यांनी वापरले नाहीत. रक्त घेतलं. काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी आधी भावजयीला सांगितलं की तिचं सगळं ठीक आहे. गुठळ्यांचं काही नाही, थायरॉईड नाही, गर्भाशय उत्तम. मग त्यांनी खुर्ची भावाकडे वळवली.

त्याच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसलेले होते. जन्मापासूनच. त्याला स्वतःला त्याने काही होत नाही, कारण सगळा मालमसाला आहे, फक्त दोन तुकड्यांची जागा बदललेली. पण बीज तयार होताना अर्धा माल वाटून जातो, तेव्हा कधी एखादा तुकडा दोनदा जातो, कधी जातच नाही. असा गर्भ वाढू शकत नाही. कधी वाटणी बरोबर होते, तेव्हा मूल चांगलं होतं. होऊ शकतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. पुढचे मार्गही सांगितले.

म्हणजे जिला ओळख नाही म्हणून हिणवलं, त्या अंगाने दोन्ही वेळा आलेल्या पाहुण्याला घरात घेतलं होतं. त्याच्यासाठी वाटा रुंद केल्या होत्या. पाहुणाच उभा राहू शकत नव्हता.

भावाने विचारलं, "मंग ते सुया?"

"कसल्या सुया?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भाऊ कागद पिशवीत घालायला लागला.

परतीच्या रेल्वेत भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मी त्याचं सांत्वन केलं नाही. त्याला काही झालेलं नव्हतं. फक्त इतके दिवस जे बायकोच्या नावावर होतं, ते त्याच्या नावावर झालं होतं. भावजयीने त्याला शेंगदाण्याची पुडी दिली. ती माझ्यापेक्षा बरी आहे.

घरी आल्यावर आईने दोन गोष्टी केल्या. आधी देवापुढे बसली. मग उठून आम्हाला बजावलं की बाहेर कुणाला काही सांगायचं नाही, विचारलं तर दोघांचंही चांगलं आहे, देवाच्या मनात नव्हतं, असं म्हणायचं. भावजयीच्या अंगाबद्दल वर्षभर शेजारपाजारी, बारशाला, हळदीकुंकवाला चर्चा चालली होती, तेव्हा तिला देवाचं मन आठवलं नव्हतं. मुलाच्या गुणसूत्रांवर मात्र लगेच झाकण. मी म्हटलं, "माय, सुनेची गोस्ट गावभर केली, आता लेकाची लपवते?" ती म्हणाली, "तो पुरुस हाये." तिच्या मते हे कारण होतं.

हा झाकणाचा बेत फार टिकला नाही, कारण मामा आला. संक्रांतीच्या आधी, मी तिथे असतानाच. पलीकडच्या त्या मुलीचं घर बघून आला होता. ओसरीवर बसला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि सुरू झाला. मुलगी उंच आहे, शेतकाम येतं, बाप दुसरेपणाला तयार आहे.

"हैद्राबादचं काय निंगालं?" त्याने विचारलं.

"दोघांचंबी चांगलं हाये, दादा," आई म्हणाली. "देवाच्या मनात—"

"मंग चांगलं असून टिकत नाई म्हन्जे पोरीचंच अंग खराब. सांगतलं होतं मी."

भावजय चहा घेऊन बाहेर आली. कप खाली ठेवून ती तिथेच खांबाला टेकली. एरवी ती मामासमोर उभी राहत नसे.

"मामाजी, ते पोरगी शिकलेली हाये काय?"

मामा चपापला. "धाव्वी शिकली."

"मंग तिले समजावून सांगा लागन. म्हना, बाई, या घरात तुह्यं पोटबी पडू शकते. आमच्या भाच्याच्या रक्तात तसं हाये. डॉक्टरीनबाईनं सांगतलं. दोन बारी पडलं तं तुलेबी मायच्या घरी पोचवू, अन् तिसरी पाहू."

भाऊ दारात उभा होता. मामाने त्याच्याकडे पाहिलं, खोटं आहे असं त्याने म्हणावं म्हणून. भावाने मान खाली घातली, मग वर केली आणि म्हणाला, "खरं हाये, मामा." इतक्या वर्षांत त्याने मामापुढे उच्चारलेलं हे पहिलं उपयोगी वाक्य असावं.

"असं कुठी असते काय?" मामा आईकडे वळला. "पुरुसाचं असं असते?"

आईने पदर सावरला. तिचा चेहरा वाचायला मला वेळ लागत नाही. "दादा," ती म्हणाली, "त्या लोकाइले निरोप धाडा. आमाले नाई जमत म्हना."

आईला सुनेची कणव आली, असं कुणी समजू नये. दुसरी आणली आणि तिचंही पोट पडलं, तर पलीकडच्या गावापर्यंत मुलाचं नाव निघेल, एवढा सरळ विचार तिने केला होता. मला तिच्या विचाराची किळस आली आणि निर्णय पटला. घरात न्याय झाला तर तो बहुधा असाच, चुकीच्या कारणाने होतो.

मामाने चहा घेतला नाही. पागोटं डोक्यावर ठेवून तो गाडी येते त्या फाट्याकडे निघाला, आणि भाऊ त्याला सोडायला गेला नाही.

भावजयीला मी विचारलं, मुलासाठी पुन्हा पाहायचं का. ती मामाचा चहा स्वतःच प्यायला बसली होती.

"विचार करून राह्यली, ताई," ती म्हणाली. "होळी होऊन जाऊ दे, पोरांच्या परीक्षा होऊन जाऊ दे. आता घाई कायची? आता मले कोनी पोचवायले नाई निंगालं."